उद्या सकाळचं एक काम

सोमवारची ओपीडी. दुपारचा एक वाजून गेला तरी रांग हलत नव्हती. पन्नाशीचे एक शेतकरी समोर येऊन बसले. "साहेब, हातपाय गळल्यावानी होतंय, डोकं बधिर पडतंय. एक सलाईन लावा." महिन्याभरातला हा त्यांचा तिसरा फेरा. रक्तदाब, साखर, ईसीजी सगळं ठीक. आधीच्या दोन्ही वेळा मी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि वर म्हणालो होतो, "मामा, काळजी करू नका, होईल सगळं ठीक." याही वेळी तेच बोललो. ते म्हणाले, "काळजी करू नका म्हणता. मग करू काय, ते सांगा ना."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचा प्रश्न बरोबर होता. चूक माझी होती. केसपेपर बाजूला ठेवून विचारपूस केली. २०२५च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत कपाशी पाण्याखाली गेली, नदीकाठच्या तुकड्यातली माती खरडून गेली. पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडतोच. जेवण गोड लागत नाही. "मामा, जीव नकोसा होतो का?" असं थेट विचारलं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी मान हलवली. असं विचारल्यानं डोक्यात नको तो विचार घुसतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर माणूस मोकळा होतो. त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, उपचार सुरू झाले. फवारणीची औषधं घरातून हलवायला आणि काही दिवस त्यांना एकटं न सोडायला मामींना सांगितलं.

पण "करू काय?" हा प्रश्न उरलाच होता.

मेंदू काय शिकतो?

१९६७मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की, ज्यातून सुटकाच नाही असे विजेचे झटके सोसलेले कुत्रे पुढे वाट मोकळी असली तरी बहुधा जागचे हलत नाहीत. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन पाहून आपलं म्हणणं उलटं केलं. संकट लांबलं की गळून जाणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की इथं माझ्या हातात काहीतरी आहे. हे एकदा कळलं की मेंदूचा पुढचा भाग खोलवरच्या त्या केंद्राला आवर घालतो. हे संशोधन मुख्यतः प्राण्यांवरचं आहे. तरी ओपीडीत रोज जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. हातपाय गळणारा माणूस आळशी नसतो आणि भित्राही नसतो.

माणसांवरचा पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला एकच गोष्ट करायला मदत करत. मन लागेपर्यंत थांबायचं नाही. जमेल ते छोटं काम ठरवून आधी करायचं. २०१७च्या 'लॅन्सेट'मधले निष्कर्ष सांगतात की तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या विळख्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

म्हणजे उमेद आली की काम होतं, हे अर्धंच खरं. काम केलं की उमेद येते, हे उरलेलं अर्धं.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो हात दुष्काळी कामांवर गेले. खडी फोडली, पाझर तलाव खोदले. माझी आई सांगायची, सुकडीनं पोट भरलं, पण सकाळी टोपलं घेऊन निघायला जागा होती म्हणून माणसं टिकली.

रोजचा सराव

ओपीडीत मी आता औषधांबरोबर चार गोष्टी सांगतो.

एक, रात्री झोपण्याआधी उद्या सकाळचं एक काम ठरवा. अर्ध्या तासात होणारं आणि आपल्याच हातातलं. 'कर्ज फेडणं' हे काम नव्हे. 'बँकेत जाऊन खात्याचा उतारा आणणं' हे काम.

दोन, त्या कामाला दुसरी वाटही ठरवून ठेवा. साहेब भेटले नाहीत तर काय? एकच वाट असली आणि ती बंद झाली की मन कोसळतं.

तीन, रोज एका माणसाशी बोला. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्यांनी गावाकडच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना ठरल्या वेळी फोन करावा. पैशाचा विषय रोज नको. शेळी व्याली का, एवढं विचारलं तरी पुरतं.

चार, झोपेची आणि उठायची वेळ सांभाळा. झोपेसाठी दारू नको. तिनं पहाटेची जाग वाढते.

आता एक स्पष्ट सांगतो. आशा ही पीकविम्याला, नुकसानभरपाईला किंवा रास्त भावाला पर्याय नाही. जे देणं लागतं ते न देता शेतकऱ्याला 'सकारात्मक राहा' म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. पण तो हक्क मागायला तालुक्याला चार खेटे घालायचे तर त्यासाठीही पायात बळ लागतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर तो आजार समजा. त्यावर उपचार आहेत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका, आजच बोला.

त्या दिवशी मामांनाही विचारलं होतं, उद्या सकाळी काय कराल? बराच विचार करून म्हणाले, "विहिरीवरली मोटार गाळात रुतलीय. काढून धुतो."

पंधरा दिवसांनी ते आले. गोळ्या चालू होत्या, झोप थोडी सुधारली होती. "मोटार निघाली का, मामा?"

"निघाली, पण जळालेली. मग रिवाइंडिंगला टाकली. शनिवारी देतो म्हणलाय."

सलाईनचं नाव त्यांनी काढलं नाही. मी केसपेपरवर पुढची तारीख लिहिली. ते म्हणाले, "शनिवार सोडून द्या, साहेब."