उभं की आडवं?

मागच्या महिन्यात माझ्याकडे एक काम आलं. नुसत्या लिखाणावर फ्रीलान्सरचं भागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग मास कॉमला असताना शिकलेलं एडिटिंग घरभाड्याच्या कामी येतं. एका छोट्या मराठी सिनेमाच्या (नाव नाही सांगणार, पेमेंट यायचंय!) चार क्लिप्स मोबाईलसाठी ‘उभ्या’ करून द्यायच्या होत्या. “अगं, फार काही नाही. मधला भाग ठेव, बाजूचं उडव. दोन तासांचं काम,” त्यांचं सोशल मीडिया सांभाळणारा मुलगा म्हणाला.

पहिल्या तीन क्लिप्स खरंच दोन तासांत झाल्या. चौथीवर मी चार दिवस बसले.

सीन साधा आहे. एसटी स्टँडवरचं लांबलचक सिमेंटचं बाकडं. डाव्या टोकाला नवरा, उजव्या टोकाला बायको. कोर्टात शेवटच्या सह्या करून दोघं आपापल्या गाडीची वाट बघताहेत. मध्ये एक रेक्झिनची बॅग. दीड मिनिट कुणी काही बोलत नाही. बास, एवढंच. आणि मला सांगितलंय काय, तर मधला भाग ठेव. म्हणजे दीड मिनिटं बॅग!

सिनेमास्कोपची फ्रेम उंचीच्या २.३५ पट रुंद असते. मोबाईलची उभी चौकट ९:१६. उंची पूर्ण ठेवून कापायला गेलात तर मूळ चित्रातला चौथा हिस्साही हाती लागत नाही, जेमतेम २४ टक्के. उरलेल्या ७६ टक्क्यांत माझे नवरा-बायको बसले होते.

डोकं फिरल्यावर मी कामचुकार माणसाचा हमखास उपाय केला. एडिटिंग बंद करून वाचत बसले. हा पडदा आडवा केला कुणी मुळात?

चार भोकांची चौकट

सुरुवातीला तो फारसा आडवा नव्हताच. १८९०च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या माणसाने ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली आणि तिच्या कडेच्या चार भोकांएवढी उंची एका चित्राला दिली. साधारण एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. झाला ४:३ रेशो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) याच घराण्यातला, आणि आपल्या लहानपणी हॉलच्या कोपऱ्यात बसलेला तो डबा टीव्हीसुद्धा.

या आकाराला मी आधी मागासलेला समजायचे. मग प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) नीट पाहिला. शेवटी वैकुंठाहून विमान येतं ते वरून, आणि जातंही वरच. जमीन आणि आभाळ दोन्ही एकाच चित्रात हवं असेल तर डोक्यावर जागा लागते, आणि ती या चौकटीत आहे. लांबट पडद्यावर आभाळ रुंद होतं, उंच नाही.

मध्येच बोलपट आले. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी घुसली तशी चित्राची रुंदी आकसली आणि चौकट जवळजवळ चौरस झाली. मग १९३२मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने वरूनखालून थोडं कापून १.३७ हे प्रमाण ठरवलं. त्याआधी, १९३०मध्ये, रशियाचा आयझेनस्टाईन तिथे जाऊन चक्क चौरस पडद्याची वकिली करून आला होता. म्हणणं असं, की चौरसात उभंही मावतं, आडवंही मावतं, आपण दोन्ही वापरू. अर्थातच कुणी ऐकलं नाही.

ऐकलं कुणाचं, तर टीव्हीचं. १९४६नंतर अमेरिकेत थिएटरं ओस पडू लागली. लोक घरीच त्या ४:३च्या डब्यासमोर बसू लागले. मग जे घरी मिळणार नाही ते द्या! ३० सप्टेंबर १९५२ला न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ सुरू झाला. तीन प्रोजेक्टर, अर्धवर्तुळाकडे झुकणारा अवाढव्य पडदा. खर्चही तसाच अवाढव्य. वर्षभरात फॉक्स कंपनीने सोपी युक्ती आणली. फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँची भिंगं घेतली. कॅमेऱ्यावरचं भिंग रुंद दृश्य निम्मं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवायचं, प्रोजेक्टरवरचं भिंग ते परत फाकवायचं. हाच सिनेमास्कोप, पहिला सिनेमा ‘द रोब’, १९५३.

फाकवताना गडबड व्हायची. क्लोजअपमध्ये नटनट्यांचे गाल सुजायचे, आणि तिकडच्या तंत्रज्ञांनी त्याला नाव ठेवलं ‘गालगुंड’. हे वाचलं आणि मला आमचे बाबा आठवले. २०१२च्या दिवाळीत आमच्याकडे फ्लॅट टीव्ही आला. जुने सिनेमे लागले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे. बाबांनी रिमोटवरचं बटण शोधून काढलं आणि चित्र कडेपर्यंत ताणलं. “पैसे अख्ख्या स्क्रीनचे दिलेत.” त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरी सगळे कलाकार महिनाभर आमरस चापून आल्यासारखे दिसायचे. मला तर अमुक एक हिरोईन मूळची सडपातळ आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं!

रुंदीचं करायचं काय?

बरं, एवढी जागा मिळाली, तिचं करायचं काय हे सुरुवातीला कुणालाच धड कळेना. मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी पात्रं एका ओळीत उभी. गोदारच्या ‘ल मेप्री’त (१९६३) फ्रिट्झ लँग स्वतःच्याच भूमिकेत येतो आणि सिनेमास्कोप फक्त साप आणि अंत्ययात्रांच्या कामाचा, असा टोला हाणतो. गंमत म्हणजे तो सिनेमा स्वतः त्याच लांबट रेशोत शूट केलेला आहे.

पण आपल्याकडे एका माणसाला ते बरोबर कळलं होतं. गुरुदत्तने सिनेमास्कोपमध्ये आधी ‘गौरी’ हा बंगाली सिनेमा सुरू केला होता, तो अर्धवट राहिला. मग १९५९मध्ये ‘कागज के फूल’ आला, भारतातला पहिला सिनेमास्कोप. रुंद पडद्यावर तिकडे रोमन सैन्य आणि समुद्र दाखवत होते. गुरुदत्तने दाखवला रिकामा स्टुडिओ. तो आणि वहिदा रहमान अंधारात लांब लांब उभे, वरून उन्हाचा एक तिरका झोत, आणि बाकी पडदाभर काही नाही. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी तो झोत आरशांवरून ऊन परतवून आत आणला होता. दोघांच्या सावल्यांसारख्या प्रतिमा एकमेकांकडे चालत जातात, माणसं जागची हलत नाहीत. चालायला अंतर तर लागतंच ना! सिनेमा सपशेल पडला. गुरुदत्तने त्यानंतर दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव दिलं नाही. मूर्तींना मात्र फिल्मफेअर मिळालं आणि पुढे २००८ सालचा फाळके पुरस्कारही.

माझा सगळ्यात आवडता नमुना जपानचा आहे. कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ (१९६३). गोंडो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण ठेवून पैसा उभा केलाय. तेवढ्यात फोन येतो, तुझ्या मुलाला पळवलंय, तीन कोटी येन दे. पण अपहरण करणाऱ्याने चुकून ड्रायव्हरच्या मुलाला उचललेलं असतं. आता? पैसे द्यायचे की नाही? सिनेमाचा जवळजवळ पहिला तासभर हे त्या एका दिवाणखान्यात चालतं. गोंडो, बायको, सेक्रेटरी, पोलीस, सगळे एका लांब फ्रेममध्ये. आणि कुठल्या तरी कोपऱ्यात, मान खाली घालून, ड्रायव्हर. तो फारसं बोलत नाही. त्याच्यासाठी कॅमेरा जवळ जात नाही. पण तो तिथे आहे, आणि गोंडोला तो विसरता येत नाही, आपल्यालाही नाही. स्पाईक लीने २०२५मध्ये याच गोष्टीवर ‘हायेस्ट टू लोएस्ट’ केला. तो पाहण्याआधी मूळ सिनेमा जरूर बघा.

आता हाच दिवाणखाना टीव्हीच्या डब्यात घाला. स्कोपचं चित्र ४:३मध्ये पूर्ण उंचीने बसवायचं तर ४३ टक्के बाहेर जातं. पूर्वी टीव्ही आणि व्हिडिओसाठी हे काम सर्रास चालायचं. कुणीतरी टेक्निशियन बसायचा आणि ठरवायचा, आता डावीकडचा बोलतोय, चौकट डावीकडे सरकवा. नाही सरकवता आली तर तिथे कट मारा. म्हणजे दिग्दर्शकाने न मारलेला कट! गोंडो बोलणार, गोंडोच दिसणार, आणि मान खाली घातलेला ड्रायव्हर पहिल्यांदा उडणार. म्हणूनच वुडी ॲलनने ‘मॅनहॅटन’च्या (१९७९) व्हिडिओला वरखाली पट्टे ठेवायला लावले.

‘शोले’ (१९७५) या भानगडीतून हुशारीने गेला. शूटिंग ३५ मिलिमीटरवर, मग प्रिंट मोठी करून ७० मिलिमीटरवर. त्यात वरूनखालून चित्र कापलं जाणार हे आधीच माहीत असल्याने द्वारका दिवेचांनी कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्येच खुणा करून घेतल्या होत्या. पनवेलच्या बाजूला घेतलेला तो ट्रेनवरचा दरोडा आठवा, सोबत धावणारे घोडे आठवा. आपण मात्र तो बहुतेक वेळा टीव्हीवर, जाहिरातींसकट, निम्माअर्धा पाहिला. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला त्याची दुरुस्त केलेली प्रिंट दाखवली, तेव्हा ती पुन्हा २.२ या मूळ रेशोत होती.

मग १६:९ कुठून आला? १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने प्रचलित रेशोंचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोघांचा रेशो आला १.७७. म्हणजे १६:९. आज तुमच्या ऑफिसच्या मॉनिटरचा, घरच्या टीव्हीचा आकार एका तडजोडीतून आलाय. कुणाचंच फार नुकसान नको!

आणि तोच आकार उभा केला की मोबाईल. उगाच नाकं मुरडू नका हं. माणूस उभा प्राणी आहे. लावणीची रील बघा, डोक्यावरच्या गजऱ्यापासून पायातल्या चाळापर्यंत नाचणारी अख्खी दिसते. स्कोपमध्ये तिचे पाय तरी कापावे लागतात, नाहीतर तिला लांब उभं करावं लागतं. अरुंद चौकट मुद्दाम वापरणारेही आहेत. झाविए दोलानच्या ‘मॉमी’त (२०१४) पडदा पूर्ण चौरस आहे, जीव घुसमटतो. मग एका क्षणी तो पोरगा दोन्ही हातांनी कडा ढकलतो आणि पडदा चक्क उघडतो. आयझेनस्टाईनला चौरस हवा होता त्याला तेव्हा ८४ वर्षं झाली होती.

तर, माझं बाकडं.

पहिला प्रयत्न: चौकट नवऱ्यावरून बायकोकडे सरकवली. टेनिसची मॅच वाटली. दुसरा: कट. आधी तो, मग ती. आणि बघते तर काय, दोघं बोलणारच आहेत असं वाटायला लागलं! एकमेकांकडे न बघणारी माणसं एका कटने एकमेकांकडे बघायला लागली. नवरा-बायकोत समेट घडवून आणायचा अधिकार मला कुणी दिला होता? तिसरा: स्क्रीन दुभागून तो वर, ती खाली. अप्पर बर्थ, लोअर बर्थ.

शेवटी चौथ्या दिवशी सिनेमाच्या कॅमेरामन सरांना फोन लावला. ओळख नव्हती, जरा घाबरतच. “सर, मी तुमचं बाकडं कापतेय,” म्हटलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “अगं, त्या सीनसाठी आम्ही सहा स्टँड पालथे घातले. तेवढं लांब बाकडंच मिळत नव्हतं.” माझी बोलतीच बंद. “तुला सांगितलंय काय त्यांनी?”

“मधला भाग ठेव म्हणून.”

“मग ठेव की. बॅग ठेव.”

मी पुन्हा बसले. उभ्या चौकटीत फक्त रेक्झिनची बॅग, पाठीमागे पान थुंकून रंगलेली भिंत, वर वेळापत्रकाच्या पाटीचा तुकडा. गाड्यांची अनाउन्समेंट चालू. दीड मिनिट. सीनच्या शेवटी उजवीकडून एक हात येतो आणि बॅग उचलतो. बाकडं रिकामं. हिरव्या बांगड्या नाहीत, हे मी मूळ फ्रेममध्ये वीस वेळा पाहूनही मला दिसलं नव्हतं.

रात्री अडीचला फाइल पाठवली. सकाळी मुलाचा मेसेज आला:

“मॅम, हिरो कुठाय?”