अवघड भावनांची जागा: मानसोपचाराच्या सव्वाशे वर्षांचा आढावा

मानसोपचाराकडे वळणाऱ्या बहुतेकांची पहिली मागणी एकच असते, की आत जे दुखते आहे ते थांबावे. किडलेला दात जसा उपटून टाकता येतो, तशी भीती, शरम, राग किंवा अपराधीपणाची भावना उपचारकाने उपटून टाकावी, ही अपेक्षा स्वाभाविकच आहे. मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत मानसोपचाराच्या ज्या शाखा वाढल्या, त्यांच्यात कितीही हाडवैर असले, तरी त्यांतील बऱ्याच शाखा फिरून एकाच निष्कर्षापाशी आल्या. अवघड भावना टाळण्यासाठी माणूस जो आटापिटा करतो, त्यानेच पुष्कळदा मूळ दुखणे चिघळते, आणि म्हणून बरे होण्याच्या वाटेवर त्या भावनांना काही काळ आणि काही मापाने जागा द्यावी लागते. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाचा प्रवास मांडला असून, त्यातील ‘माप’ या शब्दावर विशेष भर दिला आहे. मानसोपचार म्हणजे येथे प्रशिक्षित उपचारकाबरोबर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चौकटीत होणाऱ्या संवादातून आणि सरावातून केला जाणारा उपचार अभिप्रेत आहे. औषधोपचार हा त्याला पूरक, पण वेगळा विषय आहे.

दडपण्याची किंमत

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्याला एका खोलीत एकटे बसवून पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगण्यात आले; अट एवढीच होती, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि तो आलाच तर समोरची घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. पुढच्या टप्प्यात त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करण्याची मुभा मिळाली, तेव्हा ज्यांना ती सुरुवातीपासूनच होती त्यांच्यापेक्षा या मंडळींच्या मनात अस्वल अधिक वेळा डोकावले. वेग्नर यांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण असे, की नको असलेला विचार आला की नाही यावर पहारा ठेवायचा, तर मनाला त्या विचाराची ओळख सतत ताजी ठेवावी लागते. म्हणजे चोर पकडायला नेमलेला पहारेकरीच चोराचे नाव पुकारत फिरतो.

विचारांबाबत जे दिसले, त्याच्याशी मिळतेजुळते चित्र भावनांबाबतही दिसले. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३ मध्ये किळस आणणाऱ्या शस्त्रक्रियांच्या फिती दाखवून केलेल्या प्रयोगात, ज्यांना चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले होते त्यांची किळस कमी झाली नाही, उलट त्यांच्या शरीरावरच्या ताणाच्या काही खुणा मात्र वाढल्या. ‘मन घट्ट कर’, ‘विसरून जा’, ‘पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय’ ही घरोघरची वाक्ये मायेपोटी उच्चारली जात असली, तरी त्यांतून मिळणारी शिकवण चेहऱ्यापुरतीच असते.

नको असलेले विचार आणि भावना टाळण्याच्या या धडपडीला स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘अनुभव टाळण्याची प्रवृत्ती’ असे नाव दिले. अपघातातून वाचलेला माणूस आधी तो रस्ता टाळतो, मग दुचाकी, मग संध्याकाळचा प्रवास, आणि शेवटी घराचा उंबरठाच ओलांडेनासा होतो. प्रत्येक टाळणुकीने तात्पुरता सुटकेचा श्वास मिळतो, आणि त्या श्वासाच्या मोबदल्यात आयुष्य वीतवीत आखडत जाते.

विरेचनाकडून स्वीकाराकडे

भावनांना वाट करून देण्याची कल्पना आधुनिक मानसोपचाराच्या जन्माइतकीच जुनी आहे. योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये उन्मादावरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाच्या रुग्ण स्त्रीने आपल्या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले होते, आणि गमतीने ती त्याला धुराडे झाडणेही म्हणे. कोंडलेली भावना शब्दांवाटे बाहेर पडली की लक्षण ओसरते, या विचाराला विरेचन म्हणतात. खुद्द फ्रॉइड मात्र तेथे थांबले नाहीत. १९१४च्या एका निबंधात त्यांनी आठवण येणे पुरेसे नसून, तिच्याशी पुन्हा पुन्हा आणि सावकाश झुंजावे लागते असे म्हटले, तर १९१७च्या निबंधात शोक हा आजार नव्हे, ते मनाला तुकड्यातुकड्याने पार पाडावे लागणारे काम आहे, अशी मांडणी केली.

निव्वळ विरेचनाच्या मर्यादा पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केल्या. ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या अभ्यासात, राग आणणाऱ्या व्यक्तीला आठवून ठोसे मारणाऱ्यांचा राग निवण्याऐवजी भडकलेला आढळला. आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत सर्व काही बोलायला लावण्याची पद्धतही एकेकाळी रूढ होती. परंतु उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता तिने आघातोत्तर ताणविकार टळतो असे दिसले नाही, आणि म्हणून आज अशा प्रसंगी निवारा, माहिती, आप्तांशी गाठ आणि इच्छा असेल तेवढेच बोलणे यांवर भर दिला जातो. भावना म्हणजे तुंबलेले पाणी आणि उपचार म्हणजे फोडलेला बांध, ही उपमा कानाला गोड वाटली तरी अपुरी ठरते.

दुसरी महत्त्वाची भर कार्ल रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात घातली. उपचारक समोरच्याला कोणत्याही अटीवाचून स्वीकारतो, तेव्हाच तो माणूस स्वतःचे नकोसे भाग पाहू धजतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच दशकात, १९५५च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली. तिचा मराठी वाचकांना परिचय करून देण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांच्याकडे जाते. ही पद्धत भावना पुसून टाकायला शिकवते असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात एलिस यांनी आरोग्यकारक आणि अनारोग्यकारक अशा दोन प्रकारच्या दुःखद भावनांत भेद केला. परीक्षेत अपयश आल्यावर खिन्न होणे योग्यच आहे, कारण ती खिन्नता पुन्हा अभ्यासाला बसवते. ‘मी अपयशी होताच कामा नये’ या हट्टातून येणारे नैराश्य मात्र माणसाला अंथरुणाला खिळवते. बदलायचा असतो तो हट्ट, खिन्नता तिच्या जागी राहू द्यायची असते.

स्वीकाराला उपचाराच्या केंद्रस्थानी आणण्याचे काम मार्शा लिनेहन यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराने केले. १९९३ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या पद्धतीत दोन परस्परविरोधी वाटणारी विधाने एकत्र सांभाळली जातात: माणूस आज जसा आहे तसा समजण्याजोगा आहे, आणि त्याला बदलणेही भाग आहे. किशोरवयात आपण स्वतः मनोरुग्णालयात राहिलो होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. हेज यांच्या ‘स्वीकार आणि बांधिलकी’ उपचारपद्धतीचा ग्रंथ १९९९ मध्ये आला. तिच्यात वापरला जाणारा दाखला नको असलेल्या पाहुण्याचा आहे. समारंभाला न बोलावता आलेल्या पाहुण्याला यजमान दारातच अडवत राहिला, तर त्याचा स्वतःचा सगळा समारंभ दारात उभे राहण्यात जातो; त्याला एका कोपऱ्यात पाट मांडून दिला, तर तो न आवडताही यजमान पंगतीत फिरू शकतो. येथे स्वीकार म्हणजे आवड किंवा संमती नव्हे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने आपला राग मान्य करणे आणि मारहाण मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना पहिली गोष्ट झाली की दुसरी अशक्य होण्याची शक्यता वाढते.

जागा म्हणजे किती?

भावनांना जागा द्यायची, तर किती आणि कधी, हा उपचारातील खरा कसबाचा प्रश्न आहे. डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘सहनशीलतेची खिडकी’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. भावनेची तीव्रता एका पट्ट्यात असेपर्यंत माणूस ती अनुभवू शकतो आणि तिच्याविषयी विचारही करू शकतो. पट्ट्याच्या वर गेला की तो थरथरतो, भडकतो, पळू पाहतो, आणि खाली घसरला की बधिर होतो. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले, आणि त्यात सुरक्षितता आधी, स्मरण व शोक नंतर, आणि जगाशी पुन्हा नाते जोडणे शेवटी, असा क्रम लावला. सुरक्षिततेचा पाया घातल्यावाचून जखम उघडणे हे उपचारातील घिसाडघाईचे लक्षण आहे.

प्रत्यक्ष सत्रात हे माप अगदी साध्या कृतींतून सांभाळले जाते. उपचारक विचारतो, की ही भीती शरीरात कुठे जाणवते. उत्तर येते, ‘पोटात गोळा येतो’. मग ० ते १०० या मोजपट्टीवर तिला आकडा दिला जातो. आकडा ८०च्या पुढे सरकला, की पाय जमिनीवर टेकले आहेत याकडे, खोलीतल्या पंख्याच्या आवाजाकडे लक्ष वळवले जाते, आणि आकडा उतरला की पुन्हा त्या गोळ्याकडे. सत्र संपण्यापूर्वीची काही मिनिटे राखून ठेवलेली असतात, कारण उघडलेले दार आडवे करूनच माणसाने रस्त्यावर उतरायचे असते. मधल्या काही आठवड्यांत झोप उडणे, चिडचिड होणे किंवा जुने रडू नव्याने फुटणे हे घडू शकते, आणि त्याची कल्पना आधीच दिलेली असेल, तर ‘उपचाराने बिघडले’ असे वाटून माणूस अर्ध्यावर उठून जात नाही. बिघाड दिवसेंदिवस वाढतच गेला, तर मात्र गती कमी करणे हे उपचारकाचे काम ठरते.

दुःखाला मापून जागा देण्याची रीत मराठी लोकजीवनाला अपरिचित नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या, आणि त्यांत सासुरवास, माहेरची ओढ, मृत्यू आणि दारिद्र्य यांचा पसारा आढळतो. पहाटेची ठरलेली वेळ, समोर दुसरा खुंटा धरणारी सोबतीण, हातांना लय आणि सुपातले धान्य संपले की थांबणारे गाणे, अशी ती चौकट होती. ओवीला मानसोपचार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तिने सासुरवास थांबवला नाही. तरीही वेळ, सोबत आणि शेवट या तीन गोष्टी उपचाराच्या खोलीतही तशाच लागतात.

नाव दिल्याने काय होते?

भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ स्थायी भावांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा असे चार भाव नकोसे वाटणारे आहेत, आणि तरीही ते रसास्वादाच्या व्यवस्थेतून वगळलेले नाहीत; उलट प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. भावनेला नेमके नाव देण्याचे महत्त्व आधुनिक संशोधनानेही अधोरेखित केले आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात, भावदर्शक चेहरे पाहताना त्यांतील भावनेला शब्द दिला असता, मेंदूतील धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डला या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावनाकेंद्री उपचारात मूळ भावना आणि तिच्यावर चढलेली दुय्यम भावना यांत भेद केला जातो. वडिलांच्या संतापाखाली मुलाला गमावण्याची भीती असू शकते, आणि संतापावर कितीही काम केले तरी भीतीला हात लागत नाही तोवर फरक पडत नाही.

या कामी मराठीचा शब्दसाठा श्रीमंत आहे. फोन करायचा राहून गेला याची चुटपुट, निरोप धड घेतला नाही याची रुखरुख, आईवडिलांना वेळ दिला नाही याची खंत आणि वर्षानुवर्षे सलणारे शल्य, या एकाच भावनेच्या कमीअधिक मात्रा नव्हेत. प्रत्येकीत काय करणे बाकी आहे याचा वेगळा निर्देश आहे. चुटपुट एका फोनने मिटते, शल्याला मात्र ऐकणारे माणूस लागते. आज या सगळ्या छटा ‘टेन्शन’ या एका शब्दात कोंबल्या जातात, आणि मग उपायही एकच शोधला जातो.

इथली वाट

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापासून वंचित होते. ही दरी केवळ तज्ज्ञांच्या बळावर भरण्याजोगी नाही, हे ओळखून गोव्यातील ‘संगथ’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने स्थानिक, सामान्य शिक्षण घेतलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांनी नैराश्यासाठी राबवलेला अल्पमुदतीचा उपचार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. हा उपचार न मिळालेल्या गटात हेच प्रमाण ३९ टक्के होते. या उपचाराचा गाभा असा, की उदासी जाण्याची वाट न पाहता, ती सोबत असतानाच एक छोटे, अर्थपूर्ण काम हाती घ्यायचे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये उभी राहिलेली मानसिक आरोग्य संस्था आणि पुण्यात १९८६ पासून चालणारे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र यांनी मराठी माणसाला मनाविषयी मराठीत बोलायला शिकवले, हे कामही तेवढेच मोलाचे आहे.

उपचार सुरू करू इच्छिणाऱ्या वाचकाने पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारावेत: गती कशी ठरवली जाईल, दोन सत्रांच्या मध्ये भावना अनावर झाली तर काय करायचे, आणि उपचार लागू पडतो आहे हे कशावरून ओळखायचे. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा उपचारक निवडावा. जवळपास कोणी नसेल, किंवा जगणेच नकोसे झाले असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.