आईच्या पंखांची ऊब



गडबच्या परिसरात आणि पेण-रोह्याच्या डोंगरकडेला कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. या कुटुंबांना कोंबडीची पिले द्यावीत, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. विचार चांगला आहे. पण हॅचरीतून आणलेल्या एक दिवसाच्या पिलाला आई नसते. अंगावर पिसे येईपर्यंत त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण 35 अंश तापमान लागते आणि पुढे ते दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावे लागते. शहरात त्यासाठी बल्ब लावतात. कुडाच्या घरात, जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे गारठ्याच्या एका रात्रीत सगळी पिले दगावू शकतात.

वाडीवर यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे खुडूक झालेली गावठी कोंबडी. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. पिलू गारठले की पंखाखाली शिरते, ऊब मिळाली की बाहेर येऊन टिपू लागते. घार दिसताच आई इशारा देते. यरुशलेमेविषयी बोलताना प्रभूने हाच दाखला दिला, तो वाडीतल्या लहान मुलालाही समजतो.

विकतची पिले याच आईला देता येतात. ती काही दिवस अंड्यांवर बसलेली असावी. अंधार पडल्यावर अंडी काढून पिले हळूच तिच्या पोटाखाली सरकवावीत. बहुतेक कोंबड्या सकाळपर्यंत त्यांना आपलीशी करतात. एका आईला दहा-बारा पिले पुरेत.

पहिला आठवडा मायलेकरांना कोरड्या जागी डालग्याखाली ठेवावे. तांदळाची कणी आणि वाळवी हे चांगले खाद्य. पाण्याच्या उथळ थाळीत खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत. रात्री खुराडे नीट बंद करावे, कारण मुंगूस आणि रानमांजर टपलेलेच असतात. पावसाळ्यातली ओल पिलांना सोसत नाही.

मानमोडीपासून मात्र आई वाचवू शकत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात घालावा लागतो. एका कुपीत शंभर किंवा अधिक पिलांची लस असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर लगेच संपवावी लागते. म्हणून सगळ्या वाडीने एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलावे.

दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तेव्हा पिले लहान असतील तर ती कोण सांभाळणार, हे आधी विचारावे. मागे राहणारी आजी असेल, तर तिच्याच हाती कोंबडी द्यावी.

म्हणून विनंती एवढीच : पन्नास पिलांऐवजी पाच घरांना एकेक गावठी कोंबडी आणि लसीचा खर्च द्या. पिले ती कोंबडीच वाढवील, आणि घरच्या बाईच्या हाती बाजारात विकण्याजोगे काही तरी राहील.