गोळी, डॉल्बी आणि दचकणारा भाचा

ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

माझा भाचा नऊ वर्षांचा. ताई सांगलीत, मी साताऱ्यात. मे महिन्यात तो माझ्याकडे आला होता. पोवई नाक्याच्या भुयारी मार्गातून गाडीवर जाताना मागून कुणीतरी कर्कश हॉर्न मारला, आणि पोरानं माझा शर्ट इतका ओढला की बटणच तुटलं. त्याला एडीएचडी आहे, मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू आहे. रात्री ताईचा फोन आला, "गोळी घेऊनही दचकतोय ना? मग बंदच करते."

म्हटलं, परस्पर बंद करू नको, आधी डॉक्टरांना विचार. आणि मी वाचायला बसलो.

तर बघा, दचकणं हा रिफ्लेक्स आहे. मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे आखडतात. विचार करायच्या आधीच. त्यात नाटक काही नसतं (हे आमच्या आत्यासाठी). पण मेंदूकडे एक चाळणी असते. मोठ्या आवाजाच्या साधारण एक दशांश सेकंद आधी हलकासा आवाज झाला, तर आपण कमी दचकतो. प्रयोगशाळेत डोळ्याखाली सेन्सर चिकटवून पापणी किती जोरात मिटली ते मोजतात. एडीएचडीच्या सगळ्या मुलांत ही चाळणी कमजोर असते असं मात्र नाही. अभ्यासांचे निकाल वेगवेगळे आलेत, आणि या चाचणीवरून एडीएचडीचं निदान करत नाहीत.

मला आवडला तो अमेरिकेतल्या लॅरी हॉक आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा अभ्यास. एडीएचडी असलेल्या मुलग्यांना कधी मिथाइलफेनिडेट दिलं, कधी औषध नसलेली गोळी. काही आवाजांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींकडे दुर्लक्ष करायला. औषधानं चाळणी सुधारली, पण फक्त लक्ष दिलेल्या आवाजांसाठी! म्हणजे गोळी कानावर पडदा टाकत नाही. मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन लगेच परत शोषलं जाऊ देत नाही, त्यामुळे जिथं लक्ष लावायचं तिथं ते टिकतं. मागून अचानक आलेला हॉर्न? त्याच्याकडे कुणाचं लक्ष होतं!

दुसरी गोष्ट वेळेची. भाच्याची गोळी कमी वेळ चालणारी, असर साधारण तीन-चार तास. सकाळी घेतलेली गोळी संध्याकाळच्या मिरवणुकीला कशी पुरणार?

ताईनं हे सगळं डॉक्टरांपुढं मांडलं. त्यांनी गोळी चालू ठेवली. वजन, उंची, भूक, झोप बघत राहू म्हणाले, कारण या औषधानं भूक मरते. वर्गात तो आता गणिताचं पान पूर्ण करतो, ते गोळीचं काम. दचकण्यासाठी वेगळा उपाय.

पाचव्या दिवशी सांगलीच्या संस्थान गणपतीचं कृष्णेत विसर्जन असतं. भाच्याला जायचंच आहे. मी कान झाकणारे मफ घेऊन ठेवलेत, गर्दीपासून लांब थांबायचं ठरलंय, आणि ढोल जवळ यायला लागले की मी त्याचा हात दाबून आधीच सांगणार, "आता वाजणार बघ."