शाळेतली नर्स (भाग ६) : गोचीड चिकटली तर

गेल्या भागात उवांबद्दल बोललो. उवा सापडल्या की शाळेत गोंधळ फार होतो, धोका मात्र नगण्य असतो. गोचिडीचं उलट आहे. ती चावलेली बहुतेक वेळा कळतच नाही, आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात तिच्यासोबत लाइम रोग येऊ शकतो. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात १९७५च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. तिथल्या आयांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे येल विद्यापीठातले डॉक्टर तपासाला लागले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात या रोगाचा जिवाणू सापडला. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा अंदाज आहे.

तिथे शाळेच्या आरोग्यखोलीत गोचिडीची गर्दी मे-जूनमध्ये असते. या दिवसांत पिल्लू अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागे ती दडून बसते. मूल "इथे काहीतरी टोचतंय" म्हणत येतं. अनुभवी नर्स चिमटा हातात घेताघेताच विचारते, "काल कुठे खेळलास? शेवटची अंघोळ कधी केलीस?"

या प्रश्नांमागे हिशेब आहे. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यातून तिच्या लाळेत यायला वेळ लागतो. साधारण २४ तासांच्या आत ती निघाली, तर लागण होण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून काढायला उशीर नको. सगळ्या शाळांचे नियम मात्र सारखे नसतात. काही ठिकाणी नर्स लगेच गोचीड काढते, काही ठिकाणी आधी पालकांना फोन करावा लागतो. कामावरून आई-बाबा पोचेपर्यंत दुपार झाली, तर तेवढे तास गोचिडीच्या पदरात पडतात. त्यामुळे आपल्या शाळेचा नियम काय आहे, हे पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावं.

काढायची रीत सोपी आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत पकडायची आणि न पिळता, न हिसकता, सरळ वर ओढायची. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल, तर उकरत बसायचं नाही. कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. मग साबण-पाण्याने किंवा अल्कोहोलने जागा पुसायची. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी हे उपाय नर्स करत नाही. त्यांत वेळ जातो, आणि डिवचलेली गोचीड उलट जखमेत लाळ सोडू शकते.

यानंतर घरी चिठ्ठी जाते. गोचीड अंगावर कुठे होती, किती वाजता काढली, रक्त पिऊन फुगली होती का, हे त्यात असतं. डॉक्टरांचा निर्णय याच नोंदींवर ठरतो. धोका जास्त वाटला, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत ते डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊ शकतात. दात पिवळे पडतील या भीतीने पूर्वी आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध टाळत. थोड्या काळासाठी ते चालतं, असं आता मानलं जातं. लगेच रक्त तपासण्यात मात्र अर्थ नाही, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात.

पुढचे ३० दिवस लक्ष ठेवायचं ते घरच्यांनीच. ताप, थकवा, सांधेदुखी किंवा चावल्याच्या जागेभोवती पसरत जाणारा चट्टा दिसला, तर डॉक्टरांकडे जायचं. न्यू जर्सी-कनेक्टिकटमधल्या मराठी पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या कातडीवर हाच चट्टा तांबूस-जांभळा किंवा नुसताच गडद दिसू शकतो, आणि सहज नजरेतून सुटतो.

दोडामार्ग-सत्तरीकडच्या वाचकांना गोचीड म्हटलं की माकडताप आठवेल. तो आजार वेगळा. त्याला विषाणू कारण असतो, त्यामुळे वरचा २४ तासांचा हिशेब किंवा डॉक्सिसायक्लिन तिथे लावू नये. गोचीड काढायची रीत मात्र तीच. आपल्याकडच्या बहुतेक गावांतल्या शाळेत नर्स नसते, म्हणून चिठ्ठीचं काम शिक्षकांनी आणि घरच्यांनी करावं. काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आलेल्या मुलाला ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात "हा रानात गेला होता" हे न विचारता सांगावं.

(पुढील भागात : डब्यातला शेंगदाणा आणि अ‍ॅलर्जी)