पदाच्या डोक्यावरची ओळ

दांडिया बाजारातले आमचे जुने घर यंदा विकायला निघाले, तेव्हा माळ्यावरच्या पेटाऱ्यात पणजोबांची पदांची वही निघाली. निघाली म्हणजे हरवलेली सापडली असे नव्हे. ती तिथे आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, फक्त चार पिढ्यांत ती कोणी खाली उतरवली नव्हती. पणजोबांनी तरुणपणी किर्लोस्कर मंडळींची नाटके पाहिली, भाऊराव कोल्हटकरांना ऐकले आणि आवडलेली पदे बोरूने उतरवून ठेवली. भाऊराव मूळचे आपल्या बडोद्याचे. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत ते गेले, आणि शकुंतला व सुभद्रा या भूमिकांनी त्यांचे नाव घरोघर झाले. बडोद्याच्या जुन्या घरांतून त्यांच्याविषयी आपलेपणाने बोलले जाई, ते वाचकांपैकी अनेकांनी आजीकडून ऐकले असेल.

जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असे. अमुक पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे, एवढीच ती सूचना. पणजोबांनीही प्रत्येक पदावर चाल लिहिली होती. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे एखाद्या लावणीचे नाव. पण अकरा पदांच्या डोक्यावर जी ओळ होती ती बाळबोध लिपीत असूनही आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हती. लहानपणी आम्ही भावंडे त्या ओळींना ‘पणजोबांचे मंत्र’ म्हणत असू. माझ्या आजीला त्यांतली चार-पाच पदे गळ्यावर होती. देवघरात फुले निवडताना ती म्हणे. मंत्रांचा अर्थ तिलाही सांगता येत नव्हता.

वही द्यायची कोणाला, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. धाकट्या दिरांचे म्हणणे, संग्रहालयाला देऊन टाका. मुलगा परदेशातून म्हणाला, फोटो काढून ठेव आणि मोकळी हो. मला दोन्ही पटेना. ज्या ओळी आपल्याला वाचता येत नाहीत त्या काचेआड ठेवून काय साधणार? त्या कानडी असाव्यात असा माझा तर्क होता. माझी आत्या गेली पासष्ट वर्षे निपाणीला आहे. वही पिशवीत घातली आणि गाडीत बसले.

कोल्हापुरापर्यंत आगगाडी आणि तिथून भाच्याची मोटार. निपाणीच्या वाटेवर, कोल्हापुरापासून थोड्याच अंतरावर कणेरीचा मठ लागतो. तिथे गावगाड्याचे मोठे संग्रहालय उभारले आहे. भाच्याने आग्रहाने नेले. कुंभार, सुतार, न्हावी, मोट हाकणारा शेतकरी, जात्यावरची बाई, सगळे सिमेंटचे, माणसाएवढे आणि हुबेहूब. सहलीला आलेली शाळेची मुले तोंडात बोटे घालून पाहत होती. मलाही आवडले. फक्त त्या जात्यावरच्या बाईपुढे मी जरा जास्त वेळ उभी राहिले. तिचे तोंड किंचित उघडे होते, ती ओवी म्हणत असावी. कोणती, ते अर्थात कळायला मार्ग नव्हता.

आत्याचे घर जुन्या पेठेत. हा सगळा मुलूख तंबाखूच्या व्यापारावर वाढला. बोलणे मराठी, पाट्या कानडी, आणि बाजारात माणूस एका वाक्यात दोन्ही भाषा खर्चतो. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पुढे १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. वाद अजून न्यायालयात आहे. त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. आत्या मात्र वही पाहताच म्हणाली, “अगं, हे आमच्या पेटीवाल्या अण्णांना दाखव. ते कानडी कंपनीत होते.”

पेटीवाले अण्णा तिसऱ्या घरात राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. तरुणपणी कानडी नाटक कंपन्यांबरोबर पेटी घेऊन गावोगाव हिंडले. यणगी बाळप्पांची नाटके त्यांनी पाहिलेली. बाळप्पा हे बेळगाव जिल्ह्यातल्या यणगी गावचे. १९१४ साली जन्मले, २०१७ साली गेले, आणि कानडी रंगभूमीचे एक शतकच आपल्याबरोबर घेऊन गेले. अण्णांनी चष्मा पुसून वही उघडली. पहिला ‘मंत्र’ त्यांनी मनातल्या मनात वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवून वाचला, आणि एकदम हसले.

“बाई, हे तर पारिजातातलं की! लिहिणाऱ्यानं कानानं ऐकून लिवलंय, कानडी येत नव्हतं त्याला.”

पारिजात म्हणजे श्रीकृष्ण पारिजात. गोकाकच्या बाजूला कुलगोड म्हणून गाव आहे. तिथल्या तम्मण्णांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात या खेळाला घडीव रूप दिले आणि तो सगळ्या उत्तर कर्नाटकात पसरला. कथा आपल्या परिचयाचीच. नारद स्वर्गातले फूल आणतो, ते रुक्मिणीला मिळते, आणि सत्यभामा रुसून बसते. देवळापुढे रात्रभर चालणारा हा खेळ. कौजलगीची निंगव्वा ही त्यातली नामांकित नटी होऊन गेली. आमच्याकडे कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकावे की नाही यावर लेखण्या झिजत होत्या, त्या काळाच्या आसपासची ही गोष्ट!

अण्णांनी पेटी पुढे ओढली. भाता जुना, दोन पट्ट्या मुक्या. ती कानडी ओळ त्यांनी म्हटली आणि मी आत्याचा हात धरला. चाल आजीची होती. नेमकी तीच, फुले निवडतानाची. पण आजी ती संथ म्हणे, प्रत्येक वळणावर थांबत. अण्णांनी ती टाळाच्या ठेक्यावर, भांडायला निघालेल्या बाईच्या तोऱ्यात म्हटली. सत्यभामेची सखी अशीच म्हणते म्हणाले. मग मी मराठी पद म्हटले, अण्णांनी साथ केली. मध्येच थांबून म्हणाले, “तुमच्याकडं येऊन पोरगी सासुरवाशीण झाली बगा. चाल तीच, पन मान खाली.”

अण्णासाहेब किर्लोस्करांचे सगळे चरित्र इथे सांगत बसत नाही. वाचकांना १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरची ती पुण्यातली रात्र ठाऊक आहे. ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, स्वतः अण्णासाहेब सूत्रधार होते आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. त्याआधी त्यांनी पारशी कंपनीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि मराठीत तसे काही करण्याचे मनात घेतले, हेही आपण नेहमी सांगतो. पण ज्याचे बालपण कानडी मुलखात गेले त्याच्या कानात ‘इंद्रसभे’च्या आधी काय साठले असेल, याचा विचार आपण फारसा करीत नाही. अण्णासाहेबांनी कानडी चाली घेतल्या, हे अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. मी ते वाचलेही होते. वाचणे आणि आजीची चाल परक्या शब्दांत ऐकणे यांत फार अंतर आहे, एवढेच सांगते.

आणि हे देणे त्याहूनही जुने. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी तसे मराठीत करण्यास सांगितले म्हणून. मौज अशी की अण्णासाहेबांचा जन्मही त्याच वर्षाचा, ३१ मार्च १८४३. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या बाजूला.

तिथे जावे असे माझ्या मनाने घेतले. भाचा कानडी शिकलेला, तो बरोबर आला. बेळगावात फक्त जेवायला थांबलो. याच शहरात अण्णासाहेबांनी शिक्षकी केली आणि गोविंद बल्लाळ देवल त्यांच्या हाताखाली शिकले. आज तिथे कुमार गंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर आहे. कुमारजी जवळच्याच सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. पुढे माळव्यात देवासला राहिले, हे इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या आप्तांना सांगायला नको. एकेका खेड्याने काय काय पाठवून दिले आहे!

बैलहोंगलावरून सौंदत्तीला पोहोचलो. यल्लम्माच्या दर्शनाला निघालेल्या बायका स्टँडवर कपाळभर भंडारा लावून बसल्या होत्या. चहाच्या टपरीवर भाच्याने विचारले, किर्लोस्करांचे गाव कोणीकडे? मालक उत्साहाने म्हणाला, “कोण, पंपवाले?” त्याचेही चुकले नाही. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली त्याच गुर्लहोसुरात जन्मले, आणि शेतकऱ्याला नांगर व पंप देणाऱ्याचे नाव शेतकरी विसरत नाही. नाटकवाले किर्लोस्कर म्हटल्यावर मात्र टपरीवर शांतता पसरली.

गुर्लहोसुरात मी काही वास्तू शोधायला गेले नव्हते. १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब तिथेच वारले, जेमतेम बेचाळीस वर्षांचे, आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. वही त्या गावात एकदा उघडावी, एवढीच हौस. एका कट्ट्यावर बसलो. शाळा सुटून निघालेले एक मास्तर थांबले. मराठी त्यांना येत नव्हते. भाच्याने ओळी वाचून दाखवल्या, मास्तर एकेक शब्द दुरुस्त करून सांगू लागले आणि भाच्याने पेन्सिलीने त्या ओळींवर कानडी अक्षरे लिहिली. चार पोरे जमली. एका ओळीला पोरे खदखदून हसली. पणजोबांनी एक अक्षर असे ऐकले होते की ‘चंद्रमुखी’च्या जागी भलताच शब्द झाला होता. चार पिढ्या आम्ही तो देवघरात ठेवला होता.

निपाणीला परतल्यावर हिशेब केला. अकरांपैकी नऊ ओळी लागल्या. सहा पारिजातातल्या, दोन भजनांतल्या, एक जात्यावरची. अण्णांनी नऊही चाली पेटीवर वाजवल्या, भाच्याने फोनमध्ये उतरवून घेतल्या. जात्यावरचीच्या वेळी मला कणेरीची ती सिमेंटची बाई आठवली.

वही कोणाला द्यायची, हे अजून ठरलेले नाही. आत्या म्हणाली इथेच ठेव. मी तिची नक्कल अण्णांकडे ठेवली आणि मूळ प्रत परत आणली, कारण घराच्या व्यवहाराचे कागद होईपर्यंत तरी ती दांडिया बाजारात असावी असे वाटले. उरलेल्या दोन ओळींसाठी अण्णांनी गोकाककडच्या एका जुन्या सोबत्याला निरोप धाडला आहे. तो हल्ली कमी ऐकतो, तेव्हा समोर बसून म्हणून दाखवावे लागेल म्हणाले. पाऊस उघडला की जाणार आहेत.