तापलेली सळई हाताळताना

सदाशिव पेठेत जुना वाडा पाडला की बोळाच्या तोंडाशी सळयांचा ट्रक उभा राहतो. माल पुष्कळदा जालन्याचा. रोलिंग मिलमध्ये शेवटच्या रुळांतून सळई सुमारे १००० अंश सेल्सिअसला सुसाट बाहेर पडते. लगेच पाण्याचा मारा: कवच कडक होतं, गाभा तापलेलाच राहतो. धावत्या सळईचेच कातर लांब तुकडे पाडते. पुढे कूलिंग बेड. त्याचे दातेरी पट्टे सळई उचलून एकेक खाच पुढे ठेवत जातात. नुसता ढीग केला तर ती वाकडीतिकडीच निवेल. स्वयंचलित यंत्रं नसलेल्या गिरण्यांत कामगार सांडशीने तिचं टोक पकडून पुढच्या रुळांत घालतात. नेम चुकला की ती सापासारखी उसळते; जिवावरचंच काम. निवलेल्या सळया साधारण १२ मीटरला कापतात. पेठेतल्या बोळांसाठी त्या मधोमध वाकवूनच येतात.